पांढऱ्या दिसाची नोंद

"निरंकच लिवलं मी, साहेब. पट्टी जळलीच न्हाई तर दुसरं काय लिवू? मपल्या मनानं ऊन पाडू का?"

"मी उन्हाचं विचारत नाही. वजनाचं विचारतोय."

"वजन काट्यानं सांगितलं. मी नुस्तं उतरून घेतलं."

"काट्यानं सांगितलं!" व्यंकटराव साहेबांनी रजिस्टर तिच्याकडं फिरवलं. तीन ओळींखाली तांबड्या शाईच्या रेघा होत्या. "ही बघा. पाच दिवस ऊन निरंक. आणि ह्याच पाच दिवसांत दहा झाडं मिळून दोनशे ग्रॅमनं वाढली म्हणता. हिशोबानं एकशेवीस यायला पाहिजेत. ऐंशी ग्रॅम जास्तीचे कुठून आले? कपाशी काय अंधारात जेवली?"

"अंधार कुटं व्हता, साहेब?"

"मग हे निरंक कुणी लिहिलं?"

"मीच."

"मग?"

सत्यशीलानं खिडकीतून वावराकडं बघितलं. सांगायचं तिला होतं, पण ते वावरात उभं राहून सांगता येण्यासारखं होतं, खोलीत नाही. दाराशी हेडक्लार्क विष्णुपंत उभे होते. त्यांनी खिशातला पेन काढला, बघितला, परत खिशात खोचला.

"तिसऱ्या शनिवारी कायम करायच्या माणसांची यादी वर जाणार आहे," साहेब म्हणाले. "तुमचं नाव त्यात आहे. नावासमोर माझा शेरा लागतो. खोट्या नोंदी करणाऱ्याला काय शेरा देतात, ते तुम्हाला माहीत असेल."

"माहीत हाय."

"मग खरं काय ते सांगा. आभाळ आलं की तुम्ही सगळ्या शेडात बसता आणि आकडे अंदाजानं भरता. बरोबर?"

"न्हाई."

"तुमच्याबरोबरच्या बाईनंच सांगितलंय मला."

ती बाई म्हणजे दगडाबाई. पन्नाशी ओलांडलेली, तोंडाची तिखट, कपाशीच्या सरकारी फार्मवर सगळ्यांत जुनी. मागच्या आठवड्यात साहेबांनी शेडापाशी थांबून सहज विचारलं होतं, "काय आजी, ढगाळलं की काम कसं चालतं?" दगडाबाईनं तंबाखूची चिमूट गालात सरकवली आणि म्हणाली, "आभाळ आलं की आमची मज्जा, साहेब. शेडात बसायचं अन् कागद रंगवायचा." चार बाया हसल्या. साहेब हसले नाहीत. गावाकडच्या बाईची चेष्टा त्यांनी जबानी म्हणून धरली.

पोळा होऊन आठ दिवस झाले होते. साल शहात्तर.

ही सत्यशीला मूळची चुडाव्याकडची. बाप सिताराम चुडावा स्टेशनावर गँगमन, म्हणून पोरीला शाळा घडली. सातवी पास झाली. जन्माचं नाव कडूबाई. आधीची दोन लेकरं गेली म्हणून हिला कुणाची नजर लागू नये, यासाठी ठेवलेलं. छप्पन साली घरानं धम्म घेतला तेव्हा ती चौदा वर्षांची होती. घरातले देव गेले, त्यांच्याबरोबर तिचं नावही गेलं. बापानं नवं नाव ठेवलं ते असं जड, की सासरी कुणाच्या तोंडात बसेना. दगडाबाई तर अजून तिला 'कडे' म्हणूनच हाक मारायची. हजेरीपटावर मात्र सत्यशीला लिंबाजी असं होतं. लिंबाजी तिचा नवरा. परभणीच्या मोंढ्यात पोती उचलायचा. पाठ गेल्यापासून घरी बसून दोरखंड वळायचा.

नऊ वर्षं ती या फार्मवर रोजंदारीनं होती. सात वर्षं खुरपं. मग नोंदी ठेवणारा माणूस बदली होऊन गेला. बायांत वाचता येणारी हीच एक, म्हणून विष्णुपंतांनी रजिस्टर हिच्याकडं दिलं. दिलं म्हणजे टेबलावर ठेवलं. विष्णुपंत तिच्या हातात कधी काही देत नसत. ते टेबलावर ठेवायचे, ती उचलायची. दोघांनाही त्याची सवय झाली होती. पहिल्या दिवशी त्यांनी एकच धडा शिकवला. "हे बघ, सरकारी रकाना कधी कोरा ठेवायचा नाही. काही नसलं तर लिहायचं, निरंक. कोरा रकाना म्हणजे काम केलं नाही. निरंक म्हणजे काम केलं, पण निघालं काही नाही."

हे तिनं पक्कं धरलं.

काम दोन तऱ्हांचं. फार्मच्या उघड्या कोपऱ्यात सिमेंटच्या खांबावर काचेचा एक भरीव गोळा बसवलेला होता, नारळाएवढा. त्याच्या मागच्या खाचेत जाड कागदाची निळी पट्टी सारायची. दिवसभर ऊन गोळ्यातून जाऊन एका ठिपक्यावर एकवटतं आणि पट्टीवर जळत जळत रेघ ओढतं. ढग आडवा आला की रेघ तुटते. सूर्य बुडला की पट्टी काढायची, जळलेली रेघ मोजायची, किती तास ऊन पडलं ते लिहायचं. रेघच नसली, तर निरंक.

दुसरं काम कपाशीचं. दर पाचव्या दिवशी प्लॉटातली दहा झाडं कापायची. पानं, काड्या, बोंडं वेगळी करायची, कागदी थैल्यांत भरून विजेच्या भट्टीत दोन दिवस वाळवायची, मग काट्यावर घालायची. पानांच्या एका थैलीऐवजी सत्यशीला तीन करायची: वरची पानं तांबड्या दोऱ्यानं बांधायची, मधली हिरव्या, खालची पांढऱ्या. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. सगळी पानं एकाच थैलीत कोंबली की खालची जाड पानं ओली राहतात, वाळत नाहीत, हे तिच्या ध्यानात आलं होतं. म्हणून वेगळ्या थैल्या. तीन थैल्यांची वजनं ती रजिस्टरात मागच्या बाजूला, पेन्सिलनं टिपून ठेवायची. ते कुणी बघत नसे.

साहेब आले तीन महिन्यांपूर्वी. वय बत्तीस. त्यांचं एक गणित होतं. किती तास ऊन पडलं त्यावरून वावराला किती उजेड मिळाला ते काढायचं, उजेडावरून कपाशी किती वाढेल ते काढायचं. दिवसभर त्यांच्या खोलीतून हिशोबाच्या मशीनचा दांडा फिरवल्याचा खडखडाट यायचा. आलेखाच्या कागदावर त्यांनी एक रेघ ओढली होती. ती रेघ जमली, तर वावरात पाय न घालता भादव्यातच सांगता आलं असतं, की दिवाळीला कापूस किती निघेल. दिवाळीनंतर दिल्लीत मोठी सभा होती, तिथं ते गणित मांडायचं होतं. सगळे ठिपके रेघेवर बसत होते. तीन सोडून. ते तिन्ही ठिपके निरंक दिवसांचे, तिन्ही सत्यशीलाच्या हातचे.

रजिस्टरात निरंकच्या खेपा तशा चार होत्या. चौथ्या खेपेखाली तांबडी रेघ नव्हती, कारण ती हिशोबात बसत होती. त्याकडं त्या दिवशी कुणाचं लक्ष गेलं नाही.

"उद्यापासून पाच दिवस मी स्वतः उभा राहतो," साहेब म्हणाले. "झाडं मी निवडणार. काटा मी वाचणार. बघू."

बाहेर दगडाबाई वाट बघत होती. तिचं तोंड उतरलं होतं.

"कडे, मी चेष्टा केली गं. त्याला चेष्टा कळंना तर मी काय करू? शिकल्याला माणूस, हसाय सुदिक येत न्हाई त्याला."

"तुजं तोंड हाय का घोंगावणाऱ्या माशांचं पोळं?" सत्यशीला म्हणाली. "जवा बघावं तवा भनभन."

"जाऊ का साहेबाकडं? पाया पडते, सांगते..."

"काय सांगशील? आधीचं खोटं व्हतं, आता खरं बोलायले? मंग त्यानं कोणचं खरं धरायचं? गप बस तू. गप बसायचं काम कर, ते जमतंय का बघ."

दुसऱ्या दिवसापासून ऊन पडलं. असं कडक पडलं, की पाचही दिवस पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत जळली. भादव्यातलं ऊन, ओल्या जमिनीची वाफ, बायांच्या पाठी भाजून निघाल्या. साहेब टोपी घालून बांधावर उभे राहिले. सुरुवातीला दहा झाडं कापली, पाच दिवसांनी दहा. भट्टी. काटा.

रेघेनं सांगितलं होतं, दोनशे दहा ग्रॅम वाढ. काट्यानं सांगितलं, दोनशे सहा.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, हे खरं. आवाजात राग होता, तोही थंड झालेला.

"बघितलंत? ऊन असतं, मी उभा असतो, तेव्हा तुमचं वजन बरोबर येतं. ऊन नसतं, कुणी उभं नसतं, तेव्हा चुकतं. म्हणजे काटा चांगला आहे. गणितही चांगलं आहे."

राहिलेलं तिसरं काय, ते त्यांनी बोलून दाखवलं नाही. विष्णुपंतांनी खिडकीबाहेर बघितलं.

"साहेब, निरंक दिस येऊ द्या एक बार," सत्यशीला म्हणाली. "तवा उभं ऱ्हावा. तवाबी असंच आलं, तर मपल्या हातानं नाव काटते."

"यादी शनिवारी जाते. आज बुधवार. पुढच्या शनिवारी नाही, त्याच्या पुढच्या."

"दहा दिस हाईत."

"आभाळ तुमच्या हुकमात आहे?"

"न्हाई. पर भादवा हाय."

गुरुवारी ऊन. शुक्रवारी ऊन. शनिवारी उन्हाची तर हद्द झाली. संध्याकाळी ती पट्टी काढायला गेली तेव्हा पट्टीला भोकच पडलं होतं. घरी लिंबाजीनं वळता वळता दोर थांबवून विचारलं, "काय म्हनला साहेब?"

"काई न्हाई."

"लिहून दे ना मंग, चुकी झाली म्हून. माफी मागावं. नाव तरी ऱ्हाईल."

"चुकी केली न्हाई तर कशाची मागू?"

"कायम झालीस की म्हन ना मोठ्यानं, केली न्हाई म्हून."

"एकदा माफी लिवली, की मोठ्यानं म्हनायला तोंड ऱ्हात न्हाई," ती म्हणाली, आणि चुलीत काडी सारली. त्यानं दोर परत ओढायला घेतला. त्या घरात ह्या विषयावर एवढंच बोलणं झालं.

रविवारी दिवस उजाडला तो पांढरा.

आमच्याकडं बाया आभाळाचे दोन प्रकार करतात. काळा दिस आणि पांढरा दिस. काळ्या दिवशी ढग बुडाशी काळवंडलेला, खाली उतरलेला. घरात दिवा लावावा वाटतो. पांढऱ्या दिवशी आभाळ वरून ताणलेल्या धोतरासारखं. सूर्य कुठं आहे ते कळत नाही, माणसाला सावली नाही, पण डोळे मिचकावे लागतात इतका उजेड. पाऊस नाही, वारा नाही. बाया म्हणतात, कामाला पांढरा दिस चांगला, पाठ भाजत नाही. पट्टी मात्र दोन्ही दिवशी सारखीच कोरी राहते. आणि रजिस्टरातही दोन्हीला एकच शब्द.

साहेबांना तिनं क्वार्टरातून बोलावून आणलं. रविवार असूनही ते आले, मुकाट्यानं आले. आपल्या खिशातल्या आकड्यांच्या चिठ्ठीवरून त्यांनी दहा झाडं निवडली. ती कापली गेली. वाळल्यावर त्यांचं वजन भरलं अकराशे वीस ग्रॅम, ही सुरुवात धरायची. चार दिवस आभाळ तसंच राहिलं. चार दिवस पट्टी निरंक. दर सकाळी सत्यशीला दारात येऊन आधी वर बघायची, मग पायात चप्पल घालायची. गुरुवारी सकाळी पुढची दहा झाडं कापली, दुपारी भट्टीत गेली. साहेबांनी मशीनचा दांडा फिरवून आकडा काढला आणि कागदावर लिहून भट्टीच्या दारावर चिकटवला: बाराशे दहा.

"ह्याच्या आसपास आलं, की विषय संपला," ते म्हणाले.

शनिवारी बारा वाजता भट्टी उघडायची होती. यादी तीनला जायची होती.

शुक्रवारी सकाळी आठला लाईट गेली. ती दिवे लावायच्या वेळेला आली.

शनिवारी बाराला साहेब, विष्णुपंत, सत्यशीला असे तिघं काट्यापाशी उभे राहिले. दगडाबाई दाराच्या चौकटीला टेकून होती, तिला कुणी जा म्हटलं नाही. थैल्या एकेक करून काट्यावर गेल्या. साहेबांनी स्वतः वजनं ठेवली, स्वतः वाचली. बेरीज विष्णुपंतांनी केली, दोनदा केली.

"तेराशे पन्नास."

साहेबांनी काट्याची पारडी रिकामी करून सुई मधोमध येते का बघितलं. येत होती. परत बेरीज बघितली. मग भट्टीच्या दारावरचा कागद बघितला. एकशेचाळीस ग्रॅमचा फरक.

"म्हणजे..." ते म्हणाले.

"धरू नका हे, साहेब," सत्यशीला म्हणाली.

"काय?"

"वलं हाय अजून. काल लाईट नव्हती." तिनं पांढऱ्या दोऱ्याची थैली सोडली, आतलं एक पान काढलं आणि मुठीत दाबलं. मूठ उघडली. पान दुमडलं होतं, मोडलं नव्हतं. "वाळल्यालं पान मुठीत बोलतंय. हे बोलंना. परत भट्टीत घालावं लागंल."

"अगं कडे!" दगडाबाई दारातून ओरडली. "साहेब धरायलेत ना! तुला काय येड लागलं का?"

"तू गप."

विष्णुपंत म्हणाले, "तीनला यादी जाते, बाई. यादी थांबत नाही. हे वजन तुझ्या बाजूचं आहे."

"माझ्या बाजूचं न्हाई, पान्याच्या बाजूचं हाय," ती म्हणाली. "आज धरलं तर उद्या साहेब म्हनतेल, वल्या पानावर नाव लावून घेतलं. घाला भट्टीत. अर्ध्या अर्ध्या तासाला काडू. जवा दोन बार सारकं येईल, तवा वाळलं."

थैल्या साहेबांनीच उचलून भट्टीत ठेवल्या.

साडेबारा. तेराशे अठरा.

एक वाजता बाराशे शहाण्णव.

आकडा खाली यायला लागला. बाराशे दहाच्या कागदाकडं जो तो चोरून बघायचा. सत्यशीला बघत नव्हती. ती दोऱ्यांच्या गाठी सोडायची, बांधायची.

"अजून चार खेपा अशाच गेल्या तर माझ्या आकड्यावर येईल," साहेब म्हणाले. ते तिला टोचायला म्हणाले नाहीत, मोठ्यानं हिशोब केला इतकंच. तरी ते तिला टोचलंच.

"साहेब, इथं उभं ऱ्हाऊन ते लवकर वाळत न्हाई," ती म्हणाली. "प्लॉटात येता का? एक दाखवायचंय. आज पांढरा दिस हाय, उद्या असंल नसंल."

"पांढरा दिस म्हणजे?"

"चला तर."

कपाशी छातीएवढी झाली होती, ओळी एकमेकींत मिसळलेल्या. ती पुढं, साहेब मागं. मधे गेल्यावर ती उकिडवी बसली. "बसा." साहेबांनी पँट वर ओढली आणि चिखलात तसेच टेकले. वर पानांचं छत.

"त्या झाडाला पत्र्याचा बिल्ला हाय. नंबर वाचा."

"एकशे त्र्याहत्तर."

"किती सोप्यानं वाचला. मागच्या बारीला ऊन पडलं तवा तुमी बांधावर व्हताव. मी हितं व्हते. कडक उन्हात हितं नंबर दिसत न्हाई. वरून रुपायाएवढे कवडसे पडतेत तेवढेच, बाकी समदं अंधारं. मी फांदी बाजूला सारून नंबर वाचते, न्हाई तर बिल्ला भाईर वढून. उन्हाच्या दिशी थैल्या बांधायला दुप्पट वेळ लागतोय मला. पांढऱ्या दिशी हितंच बसून बांधते."

साहेबांनी हात पुढं केला. हाताची सावली कुठंच पडत नव्हती. वरून नाही, बाजूनं नाही; उजेड जणू सगळीकडून झिरपत खाली उतरला होता. त्यांनी खालचं एक पान धरलं. हिरवं होतं, ताठ होतं.

"उन्हाच्या आठवड्यात ही पानं पिवळी पडतेत," ती म्हणाली. "पांढऱ्यात धरून ऱ्हातेत."

"आमच्या गणितात सगळ्या वावराचं मिळून एकच पान धरलंय," साहेब अर्धवट स्वतःशी म्हणाले. "एक मोठं पान, वर पसरलेलं."

"एकच पान? मंग खालच्या पानांनी काय खायाचं?"

बांधावरून दगडाबाईचा आवाज आला. ती मागं मागं आली होतीच. "पंगतीवानी हाय साहेब ते! ऊन म्हंजी वाढपी येडा. पयल्या पंगतीच्या पत्रावळीवर ढीग वततो, त्यांना ढेकर आला तरी वततो, अन् शेवटची पंगत बसती उपाशी. पांढऱ्या दिशी थोडं थोडं समद्यांना येतंय. पोट समद्यांचं भरतं!"

"ह्ये तरी चेष्टा न्हाई ना गं?" सत्यशीला म्हणाली.

साहेब उठले नाहीत. त्यांनी विचारलं, "तुमच्याकडं पानांच्या वेगळ्या नोंदी आहेत? ते दोरे कशाचे आहेत?"

"रजिस्टराच्या मागल्या अंगाला. पेन्सिलीनं."

"आणि ती चौथी खेप? श्रावणातली? तेव्हाही ऊन निरंक होतं, पण वजन माझ्या हिशोबात बसलं. ते का?"

"ते काळे दिस व्हते. झड लागली व्हती. हितं बसून काईच दिसत नव्हतं, कंदील आणला असता तर बरं झालं असतं. काळ्याला बी निरंक, पांढऱ्याला बी निरंक. विष्णुपंतांनी सांगितलं तेच लिवायचं, दुसरा शबुद न्हाई रकान्यात." ती थांबली. "ऊन निरंक व्हतं, साहेब. उजेड निरंक नव्हता."

ते परत आले तेव्हा दीडचं वजन विष्णुपंतांनी करून ठेवलं होतं. बाराशे चौऱ्याऐंशी. साहेब रजिस्टर उलटं करून मागची पानं वाचत बसले. तांबड्या दोऱ्याचे आकडे सगळ्या खेपांना जवळपास सारखे वाढलेले. हिरव्या आणि पांढऱ्या दोऱ्यांचे आकडे त्या तीन खेपांना उडी मारून गेलेले. जास्तीचे ऐंशी ग्रॅम सगळे तिथं, खालच्या पंगतींत. खोटे आकडे भरणारी बाई ऐंशी ग्रॅम वरच्या थैलीत टाकते, कारण वाढ वर दिसते. हे साहेबांना उमगलं असावं. त्यांनी रजिस्टर मिटलं. काट्याकडं बघत राहिले.

दोन वाजता बाराशे एक्क्याऐंशी.

अडीच. बाराशे ऐंशी.

विष्णुपंतांनी यादी टेबलावर आणून ठेवली. नऊ नावं होती. आठांसमोरचे शेरे भरलेले, एकासमोर कोरा.

"साहेब, कोरा रकाना चालत नाही," ते म्हणाले.

"अजून एकदा," साहेब म्हणाले.

तीनला दहा कमी असताना भट्टी शेवटची उघडली. या खेपेला साहेबांनी सत्यशीलाला म्हटलं, "काटा तुम्ही वाचा." तिनं हात लुगड्याला पुसले. थैल्या ठेवल्या. वजनं लावली. सुई हलली, थांबली. तिनं पांढऱ्या दोऱ्याच्या थैलीतून एक पान काढून मुठीत दाबलं. कुरकुरलं, भुगा झाला.

"बाराशे ऐंशी. दोन बार सारकं."

सत्तर ग्रॅम साहेबांच्या आकड्याच्या वर. साहेबांनी भट्टीच्या दारावरचा कागद काढला, चौकोनी घडी घातली, खिशात ठेवला. पेनचं टोपण काढलं. निळी शाई. यादीतल्या त्या कोऱ्या रकान्याशी पेन थांबला.

"विष्णुपंत, कायम करायला हरकत नसेल तर काय लिहितात?"

"हरकतीचा शेराच नसला, तर निरंक लिहायचं, साहेब."

साहेबांनी लिहिलं, निरंक. खाली सही केली. यादी विष्णुपंतांनी घडी घालून बगलेत मारली आणि सायकल काढायला गेले.

साहेबांनी माफी मागितली नाही. तांबड्या रेघाही खोडल्या नाहीत. शाई ती, खोडून जात नाही. त्यांनी फूटपट्टी घेतली आणि रजिस्टरात ऊन नि वजन यांच्या मधे पेन्सिलनं एक नवा उभा रकाना आखला. त्याच्या डोक्यावर काय लिहावं याचा जरा विचार केला आणि लिहिलं, 'दिवस: काळा की पांढरा'.

"उद्यापासून हा पण भरायचा. आणि दर पाच दिवसांनी खाली बसून बघायचं, नंबर वाचता येतो की नाही. तेही लिहायचं."

"काम वाढलं म्हनायचं."

"वाढलं."

"बरं."

बाहेर दगडाबाई उभी. "काय लिवलं गं तुज्यासमोर?"

"निरंक."

"अगं बया! म्हंजी गेलं?"

"न्हाई. म्हंजी ऱ्हायलं. चल, तिसऱ्या ओळीचं खुरपणं अर्धं पडलंय, अन् तू हितं चौकटीला टेकून दिस घालवायलीस."

तिनं टेबलावरचं रजिस्टर उचललं, त्यात पेन्सिल खोचली आणि ते शेडातल्या फळीवर ठेवलं. खुरपं घेतलं. आभाळ अजून पांढरंच होतं. पट्टी काढायला दिवस बुडायची वाट बघायची होती, तोवर अर्धी ओळ निघण्यासारखी होती. ती कपाशीत शिरली, उकिडवी बसली आणि बुडाशी उगवलेल्या तणाला हात घातला.